पावतीवर लिहिलेलं लाकूड

नव्या पलंगाच्या पायाशी एखाद्या सकाळी पिठाची चिमूट सांडल्यासारखं काही दिसतं. भिंतीचा चुना पडला असेल म्हणून कोणी ते झाडून काढतं, आणि दोन दिवसांनी तिथेच, तेवढंच पीठ पुन्हा. मग मोबाइलचा टॉर्च लावून कोणीतरी पलंगाखाली शिरतं. आतल्या पट्टीवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं असतात, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. बोटाने ठोकलं की त्यांतून टाल्कम पावडरसारखी मऊ भुकटी गळते. पलंग घेऊन जेमतेम आठ महिने झालेले असतात.

ही वाळवी नव्हे. वाळवी मातीचे बोगदे बांधत येते आणि तिचा माग भिंतीपर्यंत किंवा जमिनीपर्यंत काढता येतो. हे काम लिक्टस जातीच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांचं. व्यापारात त्याला पावडर-पोस्ट बीटल म्हणतात. झाडाचा गाभा त्याला नको असतो. गाभ्याबाहेरच्या फिकट, पिष्टमय लाकडावर त्याचं पोट भरतं. रबरवुड आणि आंबा ही त्याची आवडती लाकडं, आणि स्वस्त ते मध्यम किमतीच्या फर्निचरमध्ये ती भरपूर वापरली जातात. म्हणूनच रबरवुडवर कापल्या कापल्या बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करून ते भट्टीत वाळवण्याची पद्धत आहे. ही पायरी गाळली तर पैसे वाचतात आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही, कारण पॉलिश दोन्हींवर सारखंच चढतं.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: तुमच्या घरात ओल असेल, जुन्या कपाटातून कीड आली असेल. यावर किड्याच्या सवयी ग्राहकाच्या बाजूने साक्ष देतात. मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या छिद्रांत. पॉलिशने बुजलेल्या पृष्ठभागावर तिला जागा मिळत नाही. शिवाय अंड्यापासून भुंगेरा बाहेर पडेपर्यंत काही महिने, कधी वर्षभर जातं. तेव्हा नव्या पलंगातून पहिल्याच वर्षात भुकटी पडू लागली, तर कीड लाकडाबरोबरच घरात आली असण्याची शक्यता मोठी. विक्रेत्याचा हुशार वकील मात्र विचारेल, की पलंगाची खालची बाजू पॉलिश केलेली होती का? बहुतेक वेळा नसते. तिथे अंडी नंतर पडली नाहीत कशावरून? एका पलंगाच्या भांडणात कीटकशास्त्र शिरतं ते असं, आणि फर्निचरच्या तक्रारी का लांबतात याचं उत्तरही त्यातच आहे. फ्रिज चालू होत नसेल तर वाद नाही. लाकूड मात्र हळूहळू बिघडतं, आणि तोवर ते ग्राहकाच्या घरात, ग्राहकाच्या हवेत, ग्राहकाच्या पोराटोरांच्या उड्या झेलत उभं असतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या म्हणून नीट वाचण्यासारखी आहे. मालाच्या गुणवत्तेत, प्रमाणात, शुद्धतेत किंवा दर्जात राहिलेली उणीव म्हणजे दोष, हे अपेक्षितच. पण हा दर्जा ठरवायचा कशावरून? कायद्याने घातलेल्या अटीवरून, स्पष्ट किंवा गृहीत करारावरून, किंवा व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने केलेल्या दाव्यावरून. फर्निचरच्या प्रकरणात ग्राहकाचा खरा आधार हा तिसरा. ‘माल वाईट निघाला’ हे शाबीत करायला तज्ज्ञ लागतो, प्रयोगशाळा लागते. ‘सांगितलं एक आणि दिलं दुसरं’ हे दाखवायला पुष्कळदा एक कागद पुरतो.

१९३० चा मालविक्री कायदा याच्या जोडीला आहे. तो इंग्रजांच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला, पण आजही लागू. त्याचं कलम १५ म्हणतं, की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. हे ‘जुळणं’ किती काटेकोर असू शकतं, हे १९३३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या आर्कोस विरुद्ध रोनासेन या खटल्यात दिसलं, आणि योगायोगाने तो खटलाही लाकडाचाच. सिमेंटची पिंपं बनवण्यासाठी अर्धा इंच जाडीच्या फळ्यांचा सौदा झाला होता. आलेल्या फळ्यांपैकी बहुतेक किंचित जास्त जाडीच्या, नऊ सोळांश इंचांपर्यंतच्या निघाल्या. पिंपं त्यांचीही उत्तम झाली असती. खरेदीदाराला खरं म्हणजे बाजारभाव पडल्यामुळे सौद्यातून अंग काढून घ्यायचं होतं. तरीही न्यायालयाने माल नाकारण्याचा त्याचा हक्क मान्य केला, कारण करारात अर्धा इंच लिहिलं होतं आणि अर्धा इंच म्हणजे ‘अर्ध्या इंचाच्या आसपास’ नव्हे. खरेदीदाराच्या मनात काळंबेरं होतं हे मान्य करूनही तत्त्व लक्षात ठेवण्याजोगं आहे: वस्तू चालण्यासारखी आहे का, हा एक प्रश्न आणि ती सांगितलेलीच वस्तू आहे का, हा वेगळा प्रश्न.

आता हे तत्त्व घेऊन ओशिवऱ्याच्या किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात शिरावं. ‘प्युअर सागवान आहे, साहेब’ हे वाक्य तिथे दहा पावलांना एकदा कानी पडतं. सागवान म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत टेक्टोना ग्रँडिस. चंद्रपूर, आलापल्ली, बल्लारशाचं सागवान नावाजलेलं. जुने व्यापारी त्याला अजून ‘सीपी टीक’ म्हणतात, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं, तो प्रांत नकाशावरून जाऊन इतकी वर्षं झाली तरी. घाना टीक हेही वनस्पती म्हणून सागवानच, फक्त आफ्रिकेत लागवड केलेलं. पण ‘आफ्रिकन टीक’ या नावाने विकलं जाणारं लाकूड पुष्कळदा इरोको असतं, आणि इरोको वडा-पिंपळाच्या कुळातलं झाड आहे. सागाशी त्याचं नातं नाही. लाकूड म्हणून ते वाईट नाही, टिकाऊही आहे. मात्र ते सागवान नव्हे, आणि सागवानाच्या भावाने घेतलं असेल तर फरक पैशांचा आहे.

त्याच्या पुढची पायरी ‘फिनिश’ची. ‘टीक फिनिश’, ‘वॉलनट फिनिश’, ‘शिसम फिनिश’ यांत लाकडाचा संबंध रंगापुरताच असतो. आत पार्टिकल बोर्ड असतो, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी, आणि वर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. ऑनलाइन जाहिरातीत वर ठळक अक्षरांत ‘वॉलनट फिनिश किंग साइज बेड’ आणि खाली स्क्रोल करत गेल्यावर तपशिलाच्या तक्त्यात बारीक ‘इंजिनिअर्ड वूड’ असं असतं. हे बेकायदा नाही. तक्त्यात खरं लिहिलं असेल तर ग्राहकाची बाजू लंगडी पडते. म्हणून पैसे भरण्याआधी त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. पान नंतर बदलतं, आणि बदललेलं पान ग्राहक आयोगापुढे काही सांगत नाही.

सलग लाकूड आणि वरून चिकटवलेलं विनिअर यांतला फरक दुकानातच ओळखता येतो. टेबलाच्या वरच्या फळीची कड बघावी. सलग लाकडात वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेला वळून खाली उतरतात आणि टोकाच्या कापावर झाडाच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात. विनिअर असेल तर वरची रेषा कडेपाशी तुटते आणि तिथे वेगळीच एक पट्टी चिकटवलेली असते. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याची मागची बाजू आणि तळ पाहावा. कारागिराने काटकसर केली असेल तर ती तिथेच केलेली असते. लाकडाची जात मात्र डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था छोट्या तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून जात ओळखून देतात. वाद लाखाच्या घरातला असेल तर ही तपासणी करून घेण्यात कंजुषी करू नये.

प्लायवुडची गोष्ट त्या मानाने सोपी, कारण तिथे मोजमाप ठरलेलं आहे. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक, आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचं. मरीन प्लायचा नमुना सलग ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचे थर सुटतात का हे पाहिलं जातं. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ‘७१० लावलंय’ असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला तो आकडा कोटेशनमध्ये, ब्रँडसकट लिहायला सांगावा. फळीवरचा शिक्का सनमायका चिकटवण्याआधी फोटोत टिपून ठेवावा. एकदा मायका बसला की आत ७१० आहे की आणखी काही, हे फळी कापल्याशिवाय कळायचं नाही.

इथे एक शंका हमखास येते: सुताराला घरी बोलावून करून घेतलेलं कपाट किंवा मापाने बनवलेलं मॉड्युलर किचन यांना हा कायदा लागतो का? लागतो. वस्तू सदोष असेल तर ‘दोष’ आणि काम नीट झालं नसेल तर ‘सेवेतील त्रुटी’, या दोन्ही बाजूंनी ते कायद्याच्या कक्षेत येतं. ‘तुमच्या ऑर्डरप्रमाणे बनवलंय, परत कसं घेणार’ हे उत्तर माप आणि रंग तुमच्या पसंतीचे असल्याबद्दल चालेल. बिजागऱ्या महिन्यात निखळल्याबद्दल नाही. कायदा लागत नाही तो व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाला. पन्नास खुर्च्या घेणारी कंपनी या अर्थाने ग्राहक नव्हे. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी केश कर्तनालयात दोन खुर्च्या घेणारा माणूस ग्राहकच ठरतो. स्वयंरोजगाराचा हा अपवाद कायद्यातच लिहिलेला आहे.

आणि पावतीच्या तळाशी छापलेलं ते वाक्य: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

हे वाक्य इतकं सर्वत्र असतं, की तो कायदाच आहे असं लोकांना वाटतं. २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे आणि तिच्यात नेमकं उलट लिहिलं आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. पावतीवर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणं हीही त्याच यादीतली प्रथा. तेव्हा ते छापील वाक्य सदोष मालापुढे टिकत नाही. ग्राहकांचा एक गैरसमजही इथेच दूर केलेला बरा. सोफा दिवाणखान्यात आणल्यावर रंग पडद्यांना शोभत नाही असं वाटलं, किंवा सासूबाईंना आवडला नाही, तर परत करण्याचा हक्क हा कायदा देत नाही. दुकानाने स्वतःहून बदलून दिलं तर तो त्यांचा चांगुलपणा किंवा त्यांचं धोरण.

वॉरंटी कार्डाचंही तसंच. ‘एक वर्षाची वॉरंटी, फक्त उत्पादन दोषांसाठी, कापड व फोम वगळून’ असं कार्ड हातात ठेवलं म्हणून बाकीचे हक्क संपत नाहीत. मालविक्री कायदा सांगतो, की लेखी हमीमुळे कायद्याने गृहीत धरलेली हमी आपोआप रद्द होत नाही, त्या दोन्ही परस्परविरोधी नसतील तोवर. आणि ग्राहक संरक्षण कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, त्यांची जागा घेणारा नाही. कंपन्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात मान्य केला: वॉरंटी सुटा भाग बदलण्याची असेल, तर एका सदोष भागासाठी अख्खी मोटार बदलून मागता येत नाही. सहा खुर्च्यांच्या डायनिंग सेटमधल्या एका खुर्चीचा पाय हलत असेल तर हाच युक्तिवाद समोर येणार, हे धरून चालावं. अख्खा सेट परत द्यायचा असेल तर दोष सगळ्या सेटचा कसा आहे, म्हणजे लाकूडच सांगितलेलं नाही किंवा कीड सगळ्यांत आहे, हे दाखवावं लागेल.

माल घरी येतो तो क्षण घाईचा असतो. टेम्पो खाली उभा, हमालांना पुढची डिलिव्हरी, लिफ्टमध्ये पलंगाचं डोकं मावत नाही, आणि या गडबडीत एक मुलगा मोबाइल पुढे करून म्हणतो, ‘इथे सही करा.’ सही असते ‘माल सुस्थितीत मिळाला’ या वाक्याखाली. खोकी अजून उघडलेली नसतात. जोडणी करणारा कारागीर दोन दिवसांनी येणार असतो. माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असं धरता येत नाही, असं मालविक्री कायद्याचं कलम ४१ म्हणतं. तरीही चलनावर ‘खोकी न उघडता घेतली’ एवढे चार शब्द लिहायला दहा सेकंदं लागतात आणि पुढचे दहा महिने वाचतात. खोकं उघडतानाचं चित्रण करावं, खोक्यावरच्या लेबलाचा फोटो घ्यावा. कारागिराला पॅनेलची भोकं जुळेनात, आणि तो म्हणाला ‘कंपनीतूनच चुकीचं आलंय, मी जमवून देतो’, तर त्याला थांबवावं. जमवून घेतलेला पलंग पुढे कंपनीच्या लेखी ‘ग्राहकाच्या संमतीने जोडलेला’ पलंग होतो.

तक्रार लेखी आणि लवकर गेली पाहिजे. फोनवर दहा वेळा बोलणं झालं तरी त्याचा माग राहत नाही. वाजवी वेळ उलटून गेल्यावरही नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर कायदा तो स्वीकारलेला मानतो. पलंग खराब आहे म्हणून जमिनीवर झोपायला हवं असं नाही. पण तक्रारीचं पत्र किंवा ईमेल आधी गेलेलं असावं. कच्च्या पावतीवर घेतलेल्या मालाचं काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, कारण जीएसटी वाचवण्याच्या सौद्यात ग्राहकही सामील असतो. प्रकरण कठीण होतं, अशक्य नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदाराने पाठवलेले फोटो, ‘ओके सर, सागवानात करतो’ हा त्याचा निरोप, हे सगळं पुरावा होऊ शकतं. तो निरोप ज्या मोबाइलवर आला तो मोबाइल विकू नये, एवढंच.

हवामानाची गोष्ट दोन्ही पक्षांनी समजून घेण्यासारखी आहे. लाकूड हवेतलं बाष्प घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं. शिसम आणि आंब्याच्या फर्निचरचं मोठं केंद्र असलेल्या जोधपूरच्या कोरड्या हवेत बनलेलं टेबल रत्नागिरीच्या पावसाळ्यात येतं, तेव्हा ड्रॉवर अडकू लागतात. कोकणात ओलसर लाकडाचं बनलेलं कपाट लातूरच्या उन्हाळ्यात तडकतं. आयएस २८७ हे मानक देशाचे हवामानानुसार विभाग पाडून, लाकडात किती ओलावा चालेल हे सांगतं. ड्रॉवर ऑगस्टमध्ये अडकून डिसेंबरमध्ये सुटत असेल तर तो लाकडाचा स्वभाव. आरपार भेग पडली तर लाकूड नीट वाळवलेलं नव्हतं असं म्हणायला जागा आहे. इथे मालविक्री कायद्याचं कलम १६ कामाला येतं. ग्राहकाने आपली गरज विक्रेत्याला कळवली आणि त्याच्या माहितगारीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असला पाहिजे. ‘हे समुद्रकाठच्या घरात ठेवायचं आहे’ हे वाक्य ऑर्डरच्या ईमेलमध्ये असलं तर त्याला कायद्याचं वजन येतं.

ऑनलाइन खरेदीला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी थोडं आणखी बळ दिलं. माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांचा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर उशिरा आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. प्रत्येक ई-कॉमर्स मंचाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो; त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची. मंच म्हणतो, आम्ही फक्त दुकान थाटायला जागा देतो, विक्रेता वेगळा. तेव्हा तक्रारीत दोघांनाही आणि उत्पादकाचं नाव कळत असेल तर त्यालाही सामनेवाले करावं. कोण कोणावर ढकलतं हे मग आयोगापुढे त्यांचं त्यांना पाहू द्यावं.

लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या मराठी कुटुंबाची परिस्थिती याहून सोपी आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष माल पहिल्या ३० दिवसांत सरळ नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी. आणि सहा महिन्यांच्या आत दोष दिसला तर तो डिलिव्हरीच्या वेळीच होता असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्याची. आपल्याकडे असं गृहीतक नाही. भुकटीच्या पलंगाचा तो सगळा कीटकशास्त्रीय वाद तिथे विक्रेत्याच्या गळ्यात पडला असता. भारतीय कायद्यात हीच मोठी उणीव आहे, आणि फर्निचरसारख्या सावकाश बिघडणाऱ्या मालात ती सगळ्यात जास्त बोचते.

अर्थात हा कायदा येण्याआधी सदोष फर्निचरने काय होऊ शकतं, हेही ब्रिटननेच पाहिलं. २००७-०८ च्या सुमारास तिथे शेकडो लोकांच्या पाठीवर, मांड्यांवर भाजल्यासारखे चट्टे उठू लागले. डॉक्टरांना कारण सापडेना. त्याआधी फिनलंडमध्ये खुर्च्यांमुळे असेच रुग्ण आढळले होते आणि तिथल्या संशोधकांनी गुन्हेगार हुडकून काढला: डायमिथाइल फ्युमरेट. चीनहून येणाऱ्या चामडी सोफ्यांना वाटेत आणि गोदामात बुरशी लागू नये म्हणून आत या रसायनाच्या पुड्या टाकलेल्या होत्या. माणूस बसला की अंगाच्या उबेने रसायनाची वाफ होऊन ती चामड्यातून, कपड्यांतून त्वचेपर्यंत पोचत होती. (हेच रसायन पुढे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध म्हणून मान्य झालं. गोळी म्हणून ठीक, सोफा म्हणून नाही.) युरोपीय संघाने २००९ मध्ये असा माल विकायला बंदी केली. २०१० मध्ये आर्गोससह काही विक्रेत्यांनी सुमारे २,००० बाधितांना दोन कोटी पौंडांपर्यंत भरपाई देण्याचं कबूल केलं.

फर्निचर जिवावरही उठतं. अमेरिकेत आयकियाने जून २०१६ मध्ये मालम आणि तशाच इतर ड्रॉवरच्या कपाटांचे सुमारे २ कोटी ९० लाख नग परत बोलावले. भिंतीला न बांधलेल्या कपाटाचे ड्रॉवर उघडून मुलं वर चढत आणि कपाट अंगावर कोसळे. त्यात बालकांचे मृत्यू झाले होते. २०२२ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने अशा कपाटांच्या स्थिरतेसाठी खास कायदा केला. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यातलं ‘उत्पादन दायित्व’ हे प्रकरण अशाच इजेसाठी आहे, आणि त्यात उत्पादकाबरोबर विक्रेताही अडकू शकतो. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये खुर्च्या, टेबलं, पलंग, साठवणीची कपाटं यांसाठी स्वतंत्र मानकं काढली. कपाटाबरोबर आलेला भिंतीला बांधायचा पट्टा मात्र आपल्या घरांत बहुधा खोक्याबरोबर रद्दीत जातो.

तक्रार करायची झाली तर पहिला थांबा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे निवाडा होत नाही, पण मोठ्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीकडे लक्ष देतात. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच जायचं, म्हणजे घरगुती फर्निचरची जवळपास सगळी प्रकरणं तिथली. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि १९७५ पासूनची मुंबई ग्राहक पंचायत यांनी सामान्य माणसाला स्वतःची बाजू स्वतः मांडायची सवय लावली, तिचा उपयोग इथे होतो. तक्रार आता ई-जागृती या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी.

२०१९ च्या कायद्याने केलेला मोठा बदल म्हणजे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. जोधपूरच्या विक्रेत्याविरुद्ध साताऱ्यात. पावतीवर ‘वाद जोधपूर न्यायकक्षेत’ असं छापलेलं पाहून घाबरण्याचं कारण नाही. रक्कम छोटी म्हणून लाजण्याचंही नाही. बेंगळुरूच्या आयकियामध्ये एका ग्राहकाकडून कंपनीचं नाव छापलेल्या पिशवीचे २० रुपये घेतले गेले. २०२३ मध्ये जिल्हा आयोगाने ते परत करून वर ३,००० रुपये द्यायला लावले.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. हे ४५ दिवस ओलांडता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. प्रकरण तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत संपवावं, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. आयोगांमधली रिक्त पदं हा इतका जुना आजार आहे, की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सदस्यांच्या नेमणुकीच्या नियमांतल्या काही तरतुदी रद्द केल्या आणि २०२३ मध्ये तो निकाल कायम झाला. वाट पाहणं परवडत नसेल तर आयोगामार्फत मध्यस्थीचा मार्ग आहे. फर्निचरच्या वादात तो वाईट नाही, कारण दुकानदाराला बहुधा पैसे परत द्यायचे नसतात, पण दुसरा पलंग द्यायला तो तयार असतो.

तक्रार लिहिताना मागणी नेमकी लिहावी: पैसे परत, की बदली, की दुरुस्ती, आणि त्रासाची भरपाई किती. एक गोष्ट हमखास राहून जाते. पैसे परत करण्याचा आदेश मिळतो आणि किडका पलंग घरातच राहतो. विक्रेता म्हणतो आणून द्या, ग्राहक म्हणतो घेऊन जा. नाकारलेला माल परत पोचवण्याची जबाबदारी ग्राहकावर नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे, असं मालविक्री कायद्याचं कलम ४३ सांगतं. तरी तक्रारीतच मागावं, की विक्रेत्याने आदेशापासून अमुक दिवसांत स्वतःच्या खर्चाने माल उचलावा, आणि न उचलल्यास ग्राहकाला त्याची विल्हेवाट लावता यावी. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्यासाठीही अंमलबजावणीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला निकालाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. ती निकाल लागताच मागून ठेवावी.